अहिंसेचा सराव गटाने कसा करावा

अहिंसा हा आपल्याकडे निबंधस्पर्धेचा आणि २ ऑक्टोबरच्या भाषणाचा विषय होऊन बसला आहे. त्यामुळे ती शिकावी लागते, तिची तालीम करावी लागते आणि पुष्कळदा चुकल्यावरच ती थोडीफार जमू लागते, ही साधी गोष्ट मागेच राहते. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखा जुना आखाडा असलेल्या आमच्या बडोद्यात हे कोणाला समजावून सांगण्याची वेळ येऊ नये, कारण पुस्तक वाचून मल्लखांबावर कोणी चढलेले नाही. बडोद्यातील एखाद्या पोळात (म्हणजे अरुंद गल्लीभोवतीच्या जुन्या वस्तीत), वाड्यात किंवा सोसायटीत दहा-पंधरा माणसांनी एकत्र येऊन ही तालीम सुरू करायचे ठरवले, तर ती कशी करावी, याविषयी आमच्या गटाच्या जे हाती लागले ते पुढे मांडले आहे.

आमची सुरुवात पाण्याच्या मोटारीवरून झाली. बाबाजीपुऱ्यातील आमच्या पोळात नळाला सकाळी जेमतेम पाऊण तास पाणी असते. तेवढ्या वेळात वाटेतल्या दोन-तीन घरांनी नळाला थेट मोटार जोडली की पुढच्या घरांत धार करंगळीएवढी होते आणि शेवटच्या दोन घरांत नळ नुसता फुसफुसतो. यावर पोळात कित्येक वर्षे दोनच उपाय चालू होते. एक तर संध्याकाळी ओटल्यावर बसून मोटारवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, नाहीतर ‘जाऊ द्या, कशाला वाईटपणा घ्यायचा’ असे म्हणून टँकर मागवायचा. या दुसऱ्या उपायाला आम्ही मराठी मंडळी मोठ्या समाधानाने सहनशीलता म्हणत होतो. वस्तुतः ती अहिंसा नव्हती. चुकीची गोष्ट जशीच्या तशी चालू होती, आणि ती करणाऱ्यांविषयीची अढी मात्र दर उन्हाळ्याला वाढत होती.

म्हणून गटाने पहिल्याच बैठकीत एक व्याख्या कामापुरती ठरवून घ्यावी. आमची व्याख्या अशी होती की जे चुकीचे आहे त्याला उघडपणे आणि तोंडावर विरोध करायचा, पण तो करताना समोरच्या माणसाला इजा करायची नाही, त्याचा अपमान करायचा नाही आणि त्याच्याशी असलेला संबंध आपल्या बाजूने तोडायचा नाही. यातील पहिला भाग गाळला की ती भिडस्तपणा होते, आणि दुसरा गाळला की नेहमीचे भांडण. शिवाय आपले म्हणणे अर्धवट असू शकते, कदाचित चुकीचेही असू शकते, ही शक्यता प्रत्येक वेळी खरोखर उघडी ठेवावी लागते. गांधीजींनी आपल्या पद्धतीला सत्याग्रह हे नाव दिले त्यात सत्य आधी येते ते याच कारणाने, असे मला वाटते. विनोबांचे शिक्षण आपल्याच शहरात झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले, आणि त्याच वर्षी त्यांची व गांधीजींची भेट झाली. बडोदेकरांना याचा अभिमान असावाच, पण आमच्या पहिल्या बैठकीचा निम्मा वेळ विनोबांचे घर नेमके कोठे होते या वादात गेला, हेही येथे नोंदवून ठेवतो.

गट जमवताना

आठांपेक्षा कमी माणसे असली तर सरावात त्याच त्या जोड्या होतात, आणि पंधरांपेक्षा जास्त झाली की निम्मी श्रोते बनतात. संख्येपेक्षा मिश्रण महत्त्वाचे आहे. घरमालकांबरोबर भाडेकरू, मराठीबरोबर गुजराती, पोळात नुकतेच राहायला आलेले कुटुंब, आणि ज्यांच्याविषयी तक्रार आहे त्यांच्यापैकी निदान एखादा, एवढे जमले तर गट कामाचा होतो. नुसत्या एकमताच्या माणसांचा गट अहिंसा शिकत नाही. तो परस्परांची पाठ थोपटत राहतो. देवळाचा सभामंडप जागा म्हणून सोयीचा वाटतो, पण तेथे सगळ्यांचे पाय सारख्याच सहजतेने वळत नाहीत, म्हणून शाळेची खोली किंवा एखाद्या बंद दुकानाचा ओटा बरा. वेळ बायकांना विचारून ठरवावी. पुरुषांनी सकाळची वेळ ठरवली आणि एकही स्त्री आली नाही, हा अनुभव आम्ही दोन आठवडे घेतला आणि मग रविवारी दुपारी चारची वेळ ठरली. बैठक दीड तासाची असावी, बारा आठवडे सलग चालावी, आणि सूत्रसंचालन दर वेळी नव्या माणसाकडे जावे. अध्यक्ष नेमू नये. अध्यक्ष आला की सत्कार येतो आणि सत्काराबरोबर शाल-श्रीफळ.

भाषेविषयी आम्ही एकच नियम केला, आणि तो मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो: ज्याने त्याने ज्या भाषेत तो भांडतो त्या भाषेत बोलावे. आमच्याकडील पुष्कळ मराठी माणसे घरात मराठी बोलतात, पण राग आला की गुजरातीत शिरतात, आणि सभ्य मराठीत त्यांना स्वतःचा राग ओळखूच येत नाही.

विशेषणांशिवाय भांडण सांगणे

पहिले दोन आठवडे एवढाच सराव करावा. प्रत्येकाने अलीकडचे एक भांडण तीन मिनिटांत सांगायचे, मात्र त्यात एकही विशेषण वापरायचे नाही आणि समोरच्याच्या मनात काय होते हे सांगायचे नाही. जे दिसले, जे ऐकू आले, जे मोजता आले, तेवढेच सांगायचे. ‘मुद्दाम’, ‘नेहमी’, ‘माजोरडा’, ‘आम्हाला हिणवायला’ असा शब्द आला की ऐकणाऱ्यांनी टेबलावर हलकी टिचकी मारायची. पहिल्या दिवशी आमच्याकडे अखंड तबला वाजत होता.

नंतर हीच सवय खऱ्या तंट्याला लावावी. आम्ही आठवडाभर वही ठेवली. कोणत्या घराची मोटार किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता बंद झाली, आणि शेवटच्या घरातील एक बादली भरायला किती मिनिटे लागली, एवढेच त्यात लिहिले. मोटारी बंद असताना एका बादलीला दोन-तीन मिनिटे आणि चालू असताना दहा-अकरा मिनिटे, हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते हे की दोन दिवस एकही मोटार चालू नसताना शेवटच्या घराची धार बारीकच राहिली. म्हणजे वळणावरच्या नळवाहिनीतही काहीतरी दोष होता, आणि आम्ही इतकी वर्षे ज्याचा सगळा दोष तीन घरांवर लादला होता त्याचा एक भाग जमिनीखाली गंजत पडला होता. ही नोंद वाचून दाखवल्यावर खोलीत जी शांतता पसरली, तिच्या आधी अहिंसेविषयी आम्ही जे काही बोललो होतो ते सगळे मला तोंडपाठ म्हटलेल्या श्लोकासारखे वाटते.

या टप्प्यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांची अहिंसक संवादाची पद्धत उपयोगी पडते. तिच्यात चार पायऱ्या आहेत: काय घडले, त्यामुळे मला काय वाटले, माझी गरज कोणती आहे आणि मी नेमकी कोणती विनंती करतो आहे. पद्धत चांगली आहे, पण ती मराठीत शब्दशः उतरवली तर माणूस रेडिओ नाटकातले संवाद म्हणतो आहे असे वाटते. ‘मला असुरक्षित वाटते’ असे आपल्याकडे शेजाऱ्याला कोणी सांगत नाही; ‘साडेसहा वाजले की जीव टांगणीला लागतो’ असे मात्र सहज सांगता येते आणि ते अधिक खरेही असते. म्हणून दुसऱ्या पायरीसाठी प्रत्येकाने आपल्या घरातले शब्द शोधावेत. चौथ्या पायरीवर मात्र सूट घेऊ नये. ‘जरा दुसऱ्यांचाही विचार करा’ हा उपदेश झाला. ‘सात वाजेपर्यंत मोटार बंद ठेवाल का?’ ही विनंती झाली, कारण तिला हो किंवा नाही असे उत्तर देता येते. नकार ऐकून जिचा हुकूम होतो, ती मुळात विनंती नव्हतीच.

टोमण्याचा आठवडा

एक पूर्ण बैठक टोमण्याला द्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. मराठी माणसाने हात उगारल्याची उदाहरणे आमच्या पोळात सापडणार नाहीत, पण टोमण्याने माणूस कसा कायमचा तोडावा यात आम्ही निष्णात आहोत, आणि दुर्दैवाने त्याचा आम्हाला गर्वही आहे. टोमणा मारणाऱ्याला वाटते की आपण हिंसा टाळली, उलट थोडा विनोद केला. ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही, कारण उत्तर दिले तर तोच चिडका ठरतो. आपल्या अंगी काही न लागता दुसऱ्याला जखम करणे असेच याचे स्वरूप आहे, आणि म्हणून तो हिंसेच्याच खात्यावर मांडावा लागतो.

याचा दाखला दुसऱ्या कोणाचा कशाला देऊ? गटाचा चौथा आठवडा चालू होता आणि मोटारवाल्या घराशी कोणी बोलायचे हे ठरायचे होते. तेवढा धीर मला निघाला नाही. एका सकाळी रिकामी बादली हातात घेऊन मी त्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, ‘काका, तुमच्याकडे गंगाच उतरली म्हणायची! आमच्याकडेही थोडे तीर्थ पाठवा.’ त्यांनी गुजरातीत दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की ज्यांना तीर्थ हवे त्यांनी काशी गाठावी. पुढचा महिनाभर त्या घरची मोटार पंधरा मिनिटे आधी सुरू होत राहिली, आणि गटाचे काम तेवढे मागे गेले.

सराव असा करावा. प्रत्येकाने त्या आठवड्यात मारलेले किंवा खाल्लेले दोन टोमणे चिठ्ठीवर लिहून आणावेत. चिठ्ठ्या एकत्र करून एकेक वाचावी आणि टोमण्याच्या पोटात दडलेली साधी तक्रार कोणती, हे सगळ्यांनी मिळून शोधावे. ‘सूनबाईंना काय, ऑफिस आहे’ याच्या पोटात ‘मला सकाळी एकटीला सगळे उरकत नाही’ एवढेच असते. ती तक्रार मोठ्याने, सरळ शब्दांत, समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहून म्हणायची. हे ऐकायला सोपे वाटते, पण साठी उलटलेल्या माणसांचा आवाज येथे कापतो, कारण टोमण्यात आपण सुरक्षित असतो आणि साध्या वाक्यात उघडे पडतो.

मागणी आधी तपासावी

मागणी कशी ठरवावी हे शिकण्यासाठी १९१८ सालचा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा गटाने सविस्तर अभ्यासावा. बडोद्यापासून जवळचा आहे म्हणून नव्हे, तर त्यात जवळजवळ सगळे धडे आहेत म्हणून. प्लेगच्या काळात दिलेला बोनस गिरणीमालकांनी बंद केला आणि महागाई वाढलेली असताना विणकरांनी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले. गांधीजींनी, वल्लभभाई पटेलांनी आणि शंकरलाल बँकरांनी मुंबईचे व अहमदाबादचे दर, गिरण्यांची स्थिती आणि कामगारांचा घरखर्च पाहून ३५ टक्के ही वाढ न्याय्य आहे असे ठरवले, आणि कामगारांनी आपली ५० टक्क्यांची मागणी सोडून ती स्वीकारली. लढ्याच्या आधीच आपल्या बाजूची मागणी कमी करणे, हे आपल्या नेहमीच्या घासाघिशीच्या अगदी उलट आहे. घासाघिशीत आपण दुप्पट मागतो, कारण निम्मे मिळेल हे धरलेलेच असते. येथे मागितले तेवढेच हवे होते, आणि म्हणूनच त्यावर ठाम राहता आले.

या लढ्यात कामगारांच्या बाजूने अनसूया साराभाई होत्या आणि मालकांचे पुढारी त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल होते. तरीही दोन्ही घरांचे येणेजाणे थांबले नाही. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा होई आणि रोज एक पत्रक निघे. कामगार डळमळू लागले तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण सुरू केले आणि तीन दिवसांत तडजोड झाली. पहिल्या दिवशी कामगारांच्या प्रतिज्ञेप्रमाणे ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी मालकांच्या शब्दाप्रमाणे २० टक्के, आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय येईपर्यंत मधला साडेसत्तावीस, अशी ती तडजोड होती. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच ठरवले. दोन्ही बाजूंचा शब्द एकेक दिवस तरी राहिला, ही त्यातील खुबी गटाने लक्षात घ्यावी. शेजारच्या तंट्यातही समोरच्याला मान खाली न घालता मागे येता येईल अशी वाट आपणच आखून ठेवावी लागते. मात्र उपोषणाचे अनुकरण करू नये. त्या उपोषणाने मालकांवर दडपण आले आणि त्यामुळे त्यात दोष राहिला, हे खुद्द गांधीजींनी कबूल केले आहे. मग आपण पार्किंगच्या जागेसाठी जेवण सोडले तर ते काय ठरेल, हे सांगायला नको.

वहीतील नोंदी आणि हा लढा शेजारी शेजारी ठेवून आम्ही आमची मागणी नव्याने लिहिली. ‘मोटारी काढा’ ही जुनी मागणी होती. नवी अशी होती की पहिला अर्धा तास कोणीही मोटार लावू नये, नंतरच्या पाव तासात ज्यांना वरच्या मजल्यावर पाणी चढवायचे आहे त्यांनी ते खालच्या टाकीतून चढवावे, आणि वळणावरची वाहिनी तपासण्यासाठी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यावा. त्या अर्जावर मोटारवाल्यांनीही सही केली, ही पहिली एकत्र केलेली गोष्ट.

शरीराची तालीम

आता या मार्गदर्शिकेतील सर्वांत महत्त्वाचा भाग. जेम्स लॉसन हे अमेरिकन पाद्री १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि तेथे त्यांनी गांधीजींच्या पद्धतीचा अभ्यास केला. परत गेल्यावर नॅशव्हिल शहरातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९५९ साली कार्यशाळा सुरू केल्या. काही विद्यार्थी शांतपणे खुर्चीवर बसत आणि त्यांचेच मित्र गुंड होऊन त्यांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. भूमिका पुन्हा पुन्हा बदलत. १३ फेब्रुवारी १९६० रोजी हे विद्यार्थी दुकानांतील फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले, आणि मार, अटक, घरावरचा बॉम्बहल्ला असे सगळे झाल्यावर १० मे रोजी त्या शहरातील सहा दुकानांनी आपली उपाहारगृहे सर्वांना खुली केली. त्यांच्याजवळ नियमांचा एक छोटा कागद असे. मारले किंवा शिवी दिली तरी उलट करू नका, ताठ बसा, तोंड समोर ठेवा, आणि मोठ्याने हसू नका. हसण्याचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण घाबरलेला माणूस हसतो आणि समोरच्याला ती थट्टा वाटते.

आपल्या गटात हा सराव सौम्य स्वरूपात करावा. दोन रांगा समोरासमोर उभ्या कराव्यात. एक रांग तक्रार घेऊन आलेल्यांची, दुसरी दारात उभ्या असलेल्यांची. दोन मिनिटे दोन्ही रांगांनी एकाच वेळी बोलायचे. गलका होतो, पण त्या गलक्यामुळेच कोणी कोणाकडे पाहत नाही आणि संकोच गळतो. दोन मिनिटांनी थांबून प्रत्येकाने सांगावे की हात कोठे होते, श्वास कसा चालला होता, आवाज कधी चढला. मग रांगा बदलाव्यात. सरावात अंगाला हात लावायचा नाही, जात, धर्म किंवा भाषा यांवरून बोलायचे नाही, आणि कोणालाही ‘बस’ म्हणून बाहेर पडता आले पाहिजे. ज्या घरात खरोखर मारहाण झालेली आहे अशा व्यक्तीला रांगेत उभे राहण्याचा आग्रह धरू नये.

या सरावातून बारीकसारीक गोष्टी सापडतात. हाताची घडी घातली की ती आव्हानासारखी दिसते, म्हणून हात खाली आणि मोकळे ठेवावेत. दाराच्या बरोबर मध्ये उभे राहू नये, जरा कडेला उभे राहावे, म्हणजे समोरच्याला कोंडल्यासारखे होत नाही. समोरचा ओरडू लागला तर आपला आवाज आणखी वाढवण्याऐवजी खाली आणावा आणि त्याचे वाक्य संपल्यावर मनात पाच अंक मोजूनच बोलावे. तेवढ्या अवधीत तो पुष्कळदा स्वतःच पुढचे, अधिक खरे वाक्य बोलतो. एकट्याने जाऊ नये आणि चौघांनीही जाऊ नये. दोघे जावे, त्यांतला एक फक्त ऐकणारा असावा. आमच्याकडे मोटारवाल्याची भूमिका करणाऱ्या एका वहिनी रांगेतच गहिवरल्या, कारण भूमिकेत असताना त्यांना पहिल्यांदा सुचले की त्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्यासाठी सकाळी सहालाच पाणी लागत असणार. चौकशी केल्यावर ते खरे निघाले. हे आम्हाला वहीतून कळले नव्हते.

संयम कोणी कोणाला सांगावा

नाथांच्या अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसाची आणि प्रत्येक वेळी पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या नाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती एका माणसाने स्वतःपुरती पाळलेल्या क्षमेची गोष्ट आहे. तिच्या आधाराने दुसऱ्याला ‘तू सोस’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही, आणि ज्याच्या घरी भरपूर पाणी येते त्याला तर मुळीच नाही. आमच्या गटात शेवटच्या घरातील भाडेकरूंना पहिल्या तीन बैठकांत सर्वांत जास्त उपदेश झाला; तो करणाऱ्यांत मीही होतो.

या संदर्भात बडोदेकरांनी १९१७ साल विसरू नये. परदेशातून शिकून बडोदे संस्थानाच्या सेवेत आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कमाटीबागेतील झाडाखाली त्यांनी घालवलेल्या त्या वेळेची आठवण आज संकल्पभूमी म्हणून जपली जाते. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर शांतपणे गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरवण्यात आली आणि परतणाऱ्यांवर हल्ले झाले. प्रत्युत्तर देण्याइतकी संख्या जवळ असताना बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरले, आणि पुढे तळ्याचा प्रश्न कोर्टात लढवून १९३७ साली मुंबई हायकोर्टापर्यंत नेऊन जिंकला. पाण्याच्या हक्काचा हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून गटाने एक साधा प्रश्न दर वेळी विचारावा: या तंट्यात संयमाची किंमत कोण मोजतो आहे, आणि संयम सांगणारा तोच आहे का?

यातूनच हेही स्पष्ट व्हावे की तक्रार अर्ज, पोलीस आणि कोर्ट ही अहिंसेच्या विरुद्ध टोकाची गोष्ट नव्हे. फक्त पुढचे पाऊल टाकण्याआधी ते समोरच्याला कळवावे. दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी निघाली, पण गांधीजींनी २ मार्चलाच व्हाइसरॉय आयर्विन यांना ‘प्रिय मित्र’ असे संबोधून आपण काय करणार आहोत ते लिहून पाठवले होते. वॉर्ड ऑफिसात जाण्याआधी शेजाऱ्याच्या हातात अर्जाची प्रत देणे, हे त्याचेच आपल्या मापाचे रूप आहे.

सणाच्या दिवसांत

गणेशोत्सव, नवरात्र, मोहरम आणि उत्तरायण (म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण) या दिवसांसाठी गटाने वेगळी तयारी करावी. १९५७ साली विनोबांनी शांतिसेनेची कल्पना मांडली ती याच धर्तीच्या कामासाठी होती. दंगल झाल्यावर धावणारे नव्हे, तर एरवी वस्तीत सेवा करणारे आणि म्हणून वेळेला ओळखले जाणारे लोक तिला हवे होते. मिरवणुकीच्या वाटेवरील प्रत्येक मोहल्ल्यात आपल्या ओळखीचे एक तरी माणूस असावे, आणि त्याच्याकडे आपण सणाच्या आधी महिनाभर चहा पिऊन आलेले असावे. सणाच्या दिवशी केलेली पहिली ओळख कामाला येत नाही. पोलीस ठाण्यातील शांतता समितीच्या बैठकीला गटातील दोघांनी जावे. मिरवणुकीत स्वयंसेवकांनी जोडीने, हातात काठी न घेता चालावे.

अफवेसाठी तीन प्रश्न पाठ असावेत: तुम्ही स्वतः पाहिले का, नेमके कोठे, आणि किती वाजता. तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर तो संदेश कोणत्याही ग्रुपवर पुढे पाठवायचा नाही, आणि ‘खरे आहे का हो?’ असे विचारण्यासाठीही पाठवायचा नाही, कारण प्रश्नचिन्ह दुसऱ्या फोनवर पोहोचेपर्यंत गळून पडते. त्याऐवजी त्या मोहल्ल्यातील ओळखीच्या माणसाला सरळ फोन करावा.

काही ठिकाणी गटाने हात आखडता घ्यावा. घरात स्त्रीला किंवा मुलाला मारहाण होत असेल तर दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट घडवण्याच्या फंदात पडू नये, कारण तेथे बोलणारी बाई नंतर त्याच घरात परत जाणार असते. तिला १८१ या गुजरातमधील स्त्रियांसाठीच्या अभयम् हेल्पलाइनशी जोडून द्यावे आणि ती जे ठरवेल त्यात साथ द्यावी. शस्त्र निघाले तर ११२ वर पोलिसांना फोन करावा. गटाचा सराव कितीही झालेला असो, धाडस दाखवण्याची ती जागा नव्हे.

बाराव्या आठवड्यानंतर

बारा आठवडे झाल्यावर बैठका महिन्यातून एकदा कराव्यात आणि वही चालू ठेवावी. वहीत यशाच्या गोष्टींपेक्षा कोण कोठे घसरला हे लिहावे, आणि ते ज्याचे त्यानेच लिहावे. दुसऱ्याने लिहिले की ते आरोपपत्र होते. आमच्या वहीत माझी बादली आणि गंगा पहिल्याच पानावर आहे.

मोटारींचे सध्याचे चित्र असे आहे. वॉर्ड ऑफिसच्या माणसांनी वळणावर खोदले तेव्हा जुनी वाहिनी आतून गंजून अर्धी बुजलेली निघाली आणि तेवढा तुकडा बदलला गेला. म्हातारी असलेल्या घराला दोन शेजाऱ्यांनी आदल्या रात्री भरलेली एकेक बादली वर नेऊन द्यायची, असे ठरले आणि त्या घरची मोटार सात वाजेपर्यंत बंद राहू लागली. दुसऱ्या घराने खाली टाकी बसवली. तिसऱ्या घराने अर्जावर सही केली होती खरी, पण मोटार काढली नाही, आणि शेवटच्या घरात आठवड्यातून दोन दिवस अजूनही पाणी कमी पडते. त्या घरी पुढच्या रविवारी कोणी जायचे याचा निर्णय अजून व्हायचा आहे. मी जायचे नाही, एवढे मात्र सर्वांच्या संमतीने ठरले आहे.